सर्वणच्या घरातली माझी खोली

दादा गेल्याचा वहिनीचा फोन आला तेव्हा मी वास्कोच्या बाजारात मासळीवालीशी हुज्जत घालत होते. पिशवी तिथेच टाकली आणि मिळेल ती बस धरून सर्वण गाठलं. वाटभर रडले. आज दीड महिन्याने लिहायला बसलेय तर रडू येत नाही, संताप येतो. गेलेल्या भावाबद्दल चांगलंच लिहायचं असतं, ठाऊक आहे मला. पण...

दादाला स्वतःच्या मनासारखं घर हवं होतं. जागा बाबांची, म्हणजे त्यांच्या मागे आपल्या गोव्याच्या कायद्याने आम्हा दोघांची, आणि सामायिक जागेवर बँक कर्ज देईना. तेव्हा तो वास्कोला आमच्याकडे आला, माझ्या नवऱ्यासमोर बसला आणि म्हणाला, "बाय, तू हक्क सोड. पूर्वेकडची खोली तुझी. माहेरी येताना कोणाक विचारूक नको." नवऱ्याचीही सही लागते, म्हणून आम्ही दोघांनी डिचोलीच्या निबंधक कचेरीत जाऊन मुकाट्याने सह्या केल्या. मला जमीन नको होती हो, माहेरात हक्काने दार लावून झोपता येईल एवढी जागा हवी होती. दादाने इंजिनियरकडून ती खोली नकाशात काढून घेतली, खिडकी कुठे हवी तेही मला विचारलं. त्याच्या हौसेला मोल नव्हतं. बेळगावकडचे गवंडी चिरे उतरवायचे आणि हा एकेक चिरा बोटांनी वाजवून बघायचा, रोज भिंतींना स्वतः पाणी मारायचा.

पाया घालायच्या आधी आमच्याकडे देवाला विचारतात. भटजी देवीच्या मूर्तीला पाकळ्या लावतात, त्यालाच प्रसाद लावणं म्हणतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. तेव्हाच दादाचा फोन आला, "बाय, तुझ्या खोलयेक देवान डावो कौल दिलो. आता हांव कितें करूं?" देवच नको म्हणतो म्हटल्यावर मी काय बोलणार? खोलीच्या जागी गाडीचा पोर्च झाला. वास्तुशांतीला मी त्याच पोर्चमध्ये पंगत वाढली, हसतमुखाने.

दादाचे दिवसकार्य आटोपल्यावर गेल्या आठवड्यात देवीची ओटी भरायला गेले. सहज भटजींना म्हटलं, माझ्या खोलीचं देवीला काय एवढं वावडं होतं कोण जाणे. भटजींनी हातातलं तबक खाली ठेवलं. "खोलीचा प्रसाद मी लावलाच नाही गो," ते म्हणाले. "तुझ्या भावाने घराचा घेतला, विहिरीचा घेतला. दोन्ही उजवे. खोलीचं त्याने विचारलंच नाही."

मला तोंडावर नाही म्हणाला असता तर मी कडाकडा भांडले असते, चार महिने अबोला धरला असता आणि चतुर्थीला पुन्हा आले असते. त्याने देवाला मध्ये घातलं. मला भांडायचीसुद्धा सोय ठेवली नाही. आणि आता तर जाब विचारायला माणूसच नाही.

वहिनीला काही बोलले नाही. त्या रात्री नेहमीसारखी हॉलमध्ये चटई टाकून झोपले. मी तशी झोपलेली असले की दादा सकाळी चहा ठेवायला चवड्यांवर चालत जायचा, कपबशीचासुद्धा आवाज करायचा नाही. बहिणीची झोप मोडू नये म्हणून जपतो, असं मला इतकी वर्षं वाटायचं. आता वाटतं, मी उठून काही विचारेन याची भीती असेल त्याला. उजाडलं, वहिनी उठली, स्वयंपाकघरात भांडी वाजली. मी जागी होते... तरी चवड्यांवरची ती पावलं येतील म्हणून डोळे मिटून पडून राहिले.