पेअरला कोणी हात लावला?

"हात दाखव."

हे काकांचं स्वागत. त्यांच्या गराजमध्ये शिरताना नमस्काराच्या आधी दोन्ही तळवे पुढे करायचे. काका ते हुंगून बघत. संत्र्याचा वास आला, की तुमचं काही खरं नाही.

"कोणीतरी हात लावलाय," टेबलाकडे बोट दाखवून ते म्हणत.

संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण फळांवर पहारा देणारा माणूस मी हा एकच पाहिला. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला ते माझ्या शेजारी राहत. मी नागपूरहून नुकताच व्हिसावर आलेला, ते तीस वर्षांची इंजिनियरची नोकरी संपवून बसलेले. रिटायर झाल्यावर त्यांनी गाडी कायमची बाहेर काढली आणि गराजमध्ये तैलरंग मांडले. चित्राचा विषय ठरलेला: निळा वाडगा, त्यात केळी, एक संत्रं, द्राक्षं, एक पेअर (आपली नाशपती) आणि शेजारी शेवंतीची फुलं. जसं दिसतं तसंच काढायचं, केळ्यावरच्या डागासकट.

रंगाचा एक थर वाळायला आठवडा लागे. तोवर फळं टिकतात कशी, असं मी एकदा विचारलं.

"अरे, इथल्या फळांना मेण लावतात. सडतच नाहीत लेकाची," काका म्हणाले. त्यांचा संशय वेगळाच होता. फळं हलतात! त्यांनी प्रत्येक फळाभोवती खडूने रेघ मारली, द्राक्षं मोजली. आधी खारीवर आळ घेतला, मग प्लंबरवर.

शेवटी माझी पाळी आली. "फळं शनिवारीच हलतात. तू शनिवारीच येतोस. उद्यापासून येऊ नकोस."

हिशोब बरोबर होता, चोर चुकला होता. काकू हायवेवर ड्राइव्ह करत नसत, म्हणून दर शनिवारी मी त्यांना ग्रोसरीला नेई. तिथे त्या अर्धा तास पेअर निवडत. घरी आल्यावर काका आंघोळीला गेले, की त्या पिकलेलं फळ काढून तिथे ताजं ठेवत. पिकलेल्या केळ्यांचं शिकरण व्हायचं आणि काकाच ते दोनदा मागून घ्यायचे.

"डोळ्यांदेखत अन्न सडवायचं का रे?" काकू म्हणाल्या. "त्यांना सांगशील तर शपथ आहे. चित्र खोटं ठरलं म्हणून सगळं खरवडून टाकतील."

मी शनिवारी काकूंना दारातूनच घेऊन दारातच सोडू लागलो. पण खरं सांगतो, फार लागलं मला. त्या देशात मला अरे-तुरे करणारं ते एकच घर होतं.

पुढे बहिणीच्या ऑपरेशनसाठी काकू दीड महिना पुण्याला गेल्या. तिसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला, "ये."

गराजमध्ये चिलटं घोंगावत होती. पेअर काळं पडून बसलं होतं, केळ्यांना पाणी सुटलं होतं. काका समोर स्टुलावर बसले होते. हात दाखव म्हणाले नाहीत.

"मेण नव्हतं रे ते," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तू चोर नव्हतास. ड्रायव्हर होतास."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"मला कळलंय हे तिला सांगू नकोस. चल, ती यायच्या आत सगळं जागेवर हवं." दुकानात त्यांनी ढीगभर पेअर उलटीपालटी केली, पण एकही खडूच्या रेघेत बसेलसं वाटेना. "हिला कसं सापडायचं नेमकं?" ते पुटपुटले. रोज तेच पेअर रंगवणाऱ्या माणसाचा चेहरा तेव्हा पडला होता.

काकू परतल्या आणि शनिवार पूर्ववत सुरू झाले. "कोणीतरी हात लावलाय!" काका आता किचनमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत.

दोन हजार सातच्या थंडीत काका अचानक गेले. महिनाभराने एका शनिवारी काकूंचा फोन आला, "पेअर आणायला जायचं का रे?"

आम्ही गेलो. त्यांनी नेहमीसारखा अर्धा तास लावला. परत आल्यावर नवं पेअर खडूच्या रेघेत ठेवलं आणि काळं पडलेलं जुनं हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. ईझलवर चित्र अर्धं होतं. शेवटी मीच म्हणालो, "काकू, कोणीतरी हात लावलाय."

काकूंनी जुनं पेअर बाजूला ठेवलं आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे केले.