पाठ केलेला तक्ता

मेथीची अर्धी जुडी निवडून झाली होती, अर्धी परातीत तशीच पडली होती. मुक्ताबाई हल्ली पानं बोटांनी चाचपून खुडायच्या. भाजीत गवताची काडी यायचीच, आणि सून प्रेरणा काही न बोलता ती ताटाच्या कडेला काढून ठेवायची. तेवढ्यात फोन वाजला.

"काकू, मी तनुजा. देवळात डोळ्यांचे फोटो काढायला आले होते ना, ती. आज दवाखान्यात याल का? तुमचा फोटो आणि तुमचं वाचन जुळत नाहीये."

मुक्ताबाईंच्या हातातली काडी हातातच राहिली.

बजाजनगरात मुक्ताबाईंना मोठा मान. मारुतीच्या देवळात एकादशीला पोथी वाचायची ती त्यांनीच. पण वर्षभरापासून पोथीच्या ओळीच्या मधोमध धुरकट डाग बसायला लागला होता. ज्या शब्दाकडं बघावं, नेमका तोच गायब. शुगर जुनी, त्यामुळं कारण विचारायची गरज नव्हती. अध्याय मात्र सगळे पाठ. मग त्या पोथी समोर धरायच्या, अंदाजानं पान उलटायच्या आणि बायका हात जोडून ऐकायच्या. देवापुढं बसून वाचल्याचं सोंग करतो आपण, हे मनाला टोचायचं. पण मान सुटत नव्हता.

मागच्या महिन्यात देवळाच्या सभामंडपात संशोधनवाले आले. शुगर असलेल्यांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा नव्या यंत्रानं फोटो काढायचा, नजर जायच्या आधीच तिथली सूज पकडता येते का ते बघायचं, असं तनुजानं सगळ्यांना समजावून सांगितलं. आधी मात्र अक्षरांचा तक्ता वाचायचा होता. पुढची एक तरणी बाई शेवटच्या ओळीपर्यंत खडखड वाचून गेली. रांगेत उभ्या मुक्ताबाईंना तेवढ्यावर अख्खा तक्ता पाठ झाला. कानावर पडलेला अभंग त्यांना कधी दुसऱ्यांदा ऐकावा लागला नव्हता.

मागं आवडाबाई उभी होती. राहायला चितेगावला, पण भजनाला इथं यायची.

"मुक्ते, मला तर खालची अक्षरं मुंग्यावानी दिसायलेत. नापास केलं तर गं?"

"मी म्हणते तशी म्हण." आणि मुक्ताबाईंनी भजनाचं धृपद द्यावं तसं हळूच चालीवर दिलं, "र ग प, त न ल, क म स..." आवडाबाईनं तळहातावर ताल धरून उचललं. दोघी पास.

जाताना आवडाबाई फुलून गेली होती. "जरा सूज हाय, पण माझी नजर लई चांगली हाय म्हणं! आता चार महिन्यांनी या म्हणाले. तुझ्यामुळं झालं बाई."

प्रेरणानं स्कूटीवरून सासूबाईंना क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात आणलं. अंधारी खोली, उंच खुर्ची.

"बसा काकू. एक डोळा झाका," असं म्हणून तनुजा यंत्राकडं वळली.

मुक्ताबाईंनी डोळा झाकला, मनात देवाचं नाव घेतलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "र ग प. त न ल. क म स..." थेट शेवटच्या ओळीपर्यंत.

तनुजा वळून बघतच राहिली. "काकू, तक्ता अजून लावलाच नाही. स्क्रीन कोरी आहे."

प्रेरणाला फिसकन हसू आलं. "आई, पाठ करून आलात होय? ही काय बारावीची परीक्षा आहे?" पण सासूबाईंचा चेहरा बघून तिचं हसू विरलं.

मुक्ताबाईंची कानशिलं तापली. पदर तोंडाशी गेला. तनुजानं वेगळा तक्ता लावला. वरच्या दोन ओळी झाल्या आणि मुक्ताबाई थांबल्या. "पुढचं नाय दिसत, बाई."

"आमचं यंत्रच चुकतंय असं वाटलं होतं आम्हाला," तनुजा म्हणाली. "सगळे ते तपासत बसले होते. ते बरोबरच होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मुक्ताबाईंना वाटलं.

"मग आता?" प्रेरणानं विचारलं.

"थोडी सूज असून नजर चांगली असेल, तर आम्ही नुसतं लक्ष ठेवतो. नजर उतरली असेल तर थांबून चालत नाही. डॉक्टर डोळ्यात इंजेक्शन देतात. उशीर झाला तर गेलेली नजर परत येईलच असं नाही. काकूंचं उद्याच बघायला सांगते."

मुक्ताबाईंना पुढचं ऐकूच आलं नाही. स्वतःच्या डोळ्याचं जे व्हायचं ते होवो, ते त्यांचं त्यांनी ओढवून घेतलं होतं. पण चितेगावात एक बाई चार महिने निवांत बसली होती, आणि तिला तसं बसवलं होतं मुक्ताबाईंनी.

"बाई, अजून एकजण हाय," त्या खाली बघत म्हणाल्या. "आवडाबाई. तिला बी मीच शिकवलं."

तनुजानं पेन खाली ठेवलं. "फोन करू त्यांना?"

"नको. फोनवर ती हसंल. म्हणंल, तूच तर पास केलंस मला. माझ्या तोंडानं सांगितल्याशिवाय तिला खरं वाटायचं नाय."

जिना उतरताना प्रेरणानं त्यांचा दंड धरला. दोन पायऱ्या गेल्यावर तिनं दबक्या आवाजात विचारलं, "आई, पोथी पण?"

"व्हय."

प्रेरणानं दंड सोडला नाही. पण सुनेकडं बघायचं धाडस मुक्ताबाईंना झालं नाही.

खाली तिनं स्कूटी काढली. "घरी ना?"

"नाय. पैठण रोडला घे. चितेगावला, आवडाबाईकडं. तिला रिक्षात घालून आजच इथं आणायचंय."