जिला श्रद्धांजली वाहिली, तिच्या गावाला

नोव्हेंबरातल्या एका दुपारी नरेशचा फोन आला. नरेश माझा दहावीपर्यंतचा वर्गमित्र. बल्लारपूरला त्याचं टायरचं दुकान आहे आणि आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा तोच ॲडमिन. नमस्कार-चमत्कार न करताच तो म्हणाला, "वंदना, बसली आहेस का उभी आहेस? सुमन जिती आहे."

मी नागपूरला घरात भाजी निवडत होते. हातातली मेथी तशीच राहिली.

सुमन आत्राम आठवी ते दहावी आमच्या वर्गात होती. आलापल्लीच्याही पुढच्या जंगलातलं तिचं गाव. मामा बल्लारपूरच्या कोळसा खाणीत होता म्हणून ती शिकायला त्याच्याकडे आली होती. दहावीनंतर गावी परतली आणि आमचा संपर्क तुटला. सहा वर्षांपूर्वी चंद्रपूरच्या एका लग्नात शेजारी जेवायला बसलेली बाई त्याच भागातली निघाली. मी सहज सुमनचं विचारलं. ती म्हणाली, "सुमन आत्राम? ते तं साप चावून गेली ना बाई." मी त्याच संध्याकाळी ग्रुपवर कळवलं. पुढच्या वर्षी आमचं स्नेहसंमेलन झालं, तेव्हा वारलेल्या चार वर्गमित्रांच्या फोटोंना हार घातले आणि दोन मिनिटं उभं राहिलो. सुमनवर चार शब्द मीच बोलले होते.

आता नरेशच्या दुकानात त्या भागातला एक जीपवाला चाक बदलायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, आमच्या गावची आशाताई, घरोघरी जाणारी आरोग्यसेविका, ती पण बल्लारपूरलाच शिकली. नाव सुमन मडावी, माहेरची आत्राम. साप चावून गेली ती दुसरी, लग्नानंतर आत्राम झालेली सुमन. त्या मुलखात ही नावं आणि आडनावं गावोगाव सापडतात. आम्ही कोणी विचारलंच नव्हतं.

"जाऊन सांगाव लागते," नरेश म्हणाला. "फोनवर बरं नाई दिसत."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. कोणी या बाजूला जाणार असेल तर हाच काळ घ्या. धान कापून झालेलं असतं, नाले उतरलेले असतात, ऊन सोसवतं. पहाटे मी माझी गाडी काढली आणि साडेतीन तासांत बल्लारपूरला पोचले. स्टेशनजवळच्या गाडीवर तर्रीपोहे खाल्ले. नरेश स्वेटर, कानटोपी घालून तयार होता आणि मागच्या सीटवर त्यानं एक जादा टायर टाकला. दुकान सोडून दोन दिवस तो कधी कुठे गेला नव्हता, असं त्याच्या बायकोनं मला दोनदा ऐकवलं.

बल्लारपूरहून कोठारी, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा रस्ता आहे. अंतर सव्वाशेच्या आसपास, पण चार तास धरा. गोंडपिपरीपर्यंत छान चाललो. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडल्यावर काम चालू होतं आणि ट्रकांच्या मागे धूळ खात जावं लागलं. गोंडपिपरीच्या स्टँडसमोर गरम आलूबोंडे मिळतात, ते बांधून घ्या, कारण पुढे जेवणाचा भरवसा नाही. आलापल्लीच्या अलीकडे दोन्ही बाजूंनी साग सुरू होतो, सरळ आणि इतका उंच की गाडीतून शेंडा दिसत नाही. मी थांबून फोटो काढले. नरेश खाली उतरलाच नाही. तो वहीच्या कागदावर काहीतरी लिहीत होता.

"काय लिहितोस?"

"कसं सांगायचं ते. पहिलं वाक्यच जमून नाई राह्यलं."

आलापल्लीत दोन-तीन साधे लॉज आहेत. आम्हाला आठशे रुपयांत एकेक खोली मिळाली, बादलीभर गरम पाण्यासकट. वनविभागाचं विश्रामगृह हवं असेल तर आधी परवानगी काढावी लागते. पेट्रोल इथेच पूर्ण भरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपवाल्यानं सांगितल्याप्रमाणे भामरागडच्या रस्त्याला लागलो. नाक्यावर पोलिसांनी नावं, गाडीचा नंबर आणि कामाचं स्वरूप विचारलं. नरेश म्हणाला, "मैत्रिणीले भेटाले." हवालदारानं तसंच लिहून घेतलं. पुढे मुख्य रस्ता सोडून नऊ किलोमीटर कच्च्या वाटेनं गेलो. दोन नाले लागले. दुसऱ्यात पाणी घोट्याएवढं होतं, तरी आधी उतरून पायानं अंदाज घेतला.

गाव चाळीसेक घरांचं. अंगणं शेणानं सारवलेली, बाजूला धानाच्या गंजी. एका अंगणात एक बाई तान्ह्या बाळाला झोळीच्या काट्यात घालून वजन करत होती. बाळ टाहो फोडत होतं आणि बाई काट्यावरची नजर न काढता म्हणाली, "थांबा, आकडा पाहू द्या."

आकडा पाहून तिनं वहीत लिहिला, बाळ आईच्या हातात दिलं आणि मग आमच्याकडे पाहिलं.

"वंदना ना तू? आणि हा नरेश. किती जाडा झाला रे!"

सत्तावीस वर्षांनी तिनं आम्हाला एका नजरेत ओळखलं. मी तिला कपाळावरच्या गोंदणावरून ओळखलं. जीपवाल्यानं आम्ही येणार एवढंच तिला सांगितलं होतं, का ते नाही.

तिच्या घरी गेलो. नवरा शेतावर होता. म्हाताऱ्या सासूनं हात जोडून जोहार केला, पाणी दिलं. सुमननं काळा चहा ठेवला. नरेशनं खिशातला कागद काढला आणि परत ठेवला. मग माझ्याकडे बघायला लागला. चूक मुळात माझी होती. मी सांगून टाकलं, चंद्रपूरच्या त्या लग्नापासून हारापर्यंत सगळं.

सुमन आधी हसली. इतकी हसली की पदरानं डोळे पुसले. सासूला तिनं त्यांच्या माडिया बोलीत सांगितलं, सासूनं दारातून शेजारणीला सांगितलं, आणि पाच मिनिटांत सात-आठ बायका मला बघायला जमल्या. एक म्हातारी सुमनच्या दंडाला चिमटा काढून बघत होती.

मग सुमननं विचारायला सुरुवात केली.

"माया फोटो कुठून आणला?"

"वर्गाच्या फोटोतून कापून मोठा केला," नरेश म्हणाला.

"हार कायचा होता?"

"झेंडूचा."

"आणि बोललं कोण?"

"मी," मी म्हटलं.

"काय बोलली?"

मला शब्द आठवत होते. "सुमन फार शांत मुलगी होती. कोणाला कधी उलट बोलली नाही, कोणाला त्रास दिला नाही."

सुमननं चहाचा कप खाली ठेवला. "मी शांत नव्हती वंदना. मले तुमची मराठी येत नव्हती. मी बोलली की तुम्ही हसत होते, म्हणून बोलत नव्हती. इथी विचार कोणाले, मी शांत आहे का."

शेजारणींना तिनं ते सांगितलं असावं, कारण सगळ्या पुन्हा हसल्या. या वेळी मला हसू आलं नाही. हसणाऱ्यांत मी होते. कितपत होते ते आठवत नाही, पण होते.

जेवायला भात, लाखोळीची डाळ, वांगी आणि जवसाची चटणी होती. सुमन आम्हाला वाढत होती. डाळीचा दुसरा पळा घालता घालता तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "मंग माया घरी कोणी काऊन नाई आलं?"

"म्हणजे?"

"मी मेली असं कळलं ना तुमाले. आमच्यात कोणी गेलं तं दोन-दोन दिवस पायी चालून माणसं येतात. तुम्ही एवढी सारी. एक तं यायचं होतं. माई माय तवा जिती होती. कोणी आलं असतं तं तिथीच कळलं असतं."

ती रागावली नव्हती. खरंच विचारत होती. नरेशनं ताटात बघून भात कालवला. मी म्हटलं, "चुकलं." ती "हं" म्हणाली आणि मला आणखी भात वाढला.

जेवणानंतर नरेश म्हणाला, आपल्या वर्गातल्या बाहेरगावच्या मंडळींना तुला बघायचं आहे. गावात नेटवर्क नाही. अर्धा किलोमीटरवर तलावाची पाळ आहे, तिथे एका मोहाच्या झाडाखाली दोन कांड्या येतात. आम्ही तिघं तिथे गेलो. आधीच ठरल्याप्रमाणे मस्कतहून अशफाक आणि मेलबर्नहून कविता व्हिडिओ कॉलवर जोडले गेले. अशफाक तिथे क्रेन चालवतो. कविता एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मुख्य आहे. ग्रुपवर अशफाक नव्या गाडीचे फोटो टाकतो, कविता समुद्राचे.

दोघंही सुमनला बघून आधी रडले. सुमननं त्यांना रडू दिलं आणि मग कामाला लागली. तिला गप्पा मारायची तीच एक रीत माहीत होती, जी ती रोज घरोघरी वापरते.

"अशफाक, घरी कोण कोण आहे?"

"बायको-पोरं नागपूरला. मी इथे खोलीवर, आम्ही सहा जण."

"तब्येत? बीपी, साखर?"

"साखर आहे थोडी."

"थोडी म्हणजे किती? मागच्या बारीला कवा तपासली?"

अशफाकनं मान खाजवली. "दीड वर्ष झालं असेल."

"दीड वर्ष! गोळ्या?"

"आहेत म्हणजे... आठवण आली की घेतो."

नरेश माझ्या कानात पुटपुटला, "आपल्याले कधी बोलला नाई हा."

"कविता, तुझ्या घरी कोण कोण?"

कविता म्हणाली, "कोणी नाही. तीन वर्षं झाली, आम्ही वेगळे झालो. मुलगा त्याच्याकडे असतो. ग्रुपवर सांगितलं नाही मी."

"जेवते का बरोबर?"

"दीडशे लोकांचं करते ना रोज."

"ते नाई विचारलं. तू जेवते का?"

कवितानं डोळे पुसले. सुमन मोबाईल तसाच धरून उभी राहिली, घाई न करता. पाळीवरून गुरं गेली, त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजून संपल्या, तरी ती उभी होती. शेवटी कविताच म्हणाली, "आता तुझं सांग."

सुमनचं दोन मिनिटांत आटोपलं. मुलगी गडचिरोलीला नर्सिंग शिकते. मुलगा शेती बघतो. ती स्वतः आशा आहे, चार गावं तिच्याकडे. पावसाळ्यात नाला भरला की बाळंतीण बाईला खाटेवर घालून पलीकडे न्यावं लागतं. "खाट उचलाले माणसं जमवणं, हेच खरं काम," ती म्हणाली. "बाकी लिहिणं आहे."

निघताना तिनं डिकीत लाखोळीची डाळ ठेवली. स्नेहसंमेलनाला येशील का, असं नरेशनं विचारलं. ती म्हणाली, "तारीख सांग. कोणाचे दिवस भरत नसले तं येतो."

त्या रात्री आलापल्लीला मुक्काम केला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत फिरलो. बल्लारपूर आलं तेव्हा नरेशच्या दुकानासमोर मी गाडी हळू केली. तो म्हणाला, "थांबू नको. राजुऱ्याले चाल."

हार घातलेल्या चार फोटोंपैकी एक राजुऱ्याच्या सुधाकरचा होता. त्याच्या बाबतीत काही घोटाळा नव्हता. तो आजारानं गेला, पेपरातही आलं होतं. ग्रुपवर आम्ही सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. बल्लारपूरहून राजुरा वर्धा नदीपलीकडे वीस मिनिटांवर आहे. नरेश त्या रस्त्यानं महिन्यातून दोनदा जातो.

घर विचारत विचारत सापडलं. सुधाकरच्या वडिलांनी दार उघडलं. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. नरेश म्हणाला, "बाबूजी, आम्ही सुधाकरच्या वर्गातले. फार उशिरा आलो."

"या ना, बसा," ते म्हणाले. आत जाऊन चहाचं सांगून आले आणि समोर बसले. "शाळेतला सुधाकर मले माहीतच नाई. मी सदा गाडीवर. सकाळी निघालो तवा तो झोपलेला, आलो तवाही झोपलेला. कसा होता शाळेत?"

आम्ही सांगितलं. कबड्डीत त्याचा दम मोठा होता. गणिताच्या तासाला तो मागच्या बाकावर नकाशे काढायचा, एसटीच्या मार्गांचे, प्रत्येक थांब्यासकट. हे नरेशला आठवलं. मला आठवत नव्हतं. बाबूजींनी ते दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा त्यांनी आतून सुधाकरच्या आईलाही बोलावून घेतलं.

रात्री जेवायच्या वेळेला मी नागपूरला घरी पोचले. प्रवासाचं म्हणाल तर रस्ते बरे आहेत, माणसं वाट नीट सांगतात, जंगल बघण्यासारखं आहे. तीन दिवस पुरतात. परत आल्यावर मी ग्रुपमधली सगळी जुनी संभाषणं वर सरकवत वाचली. वाढदिवस, बढत्या, समुद्र, गाड्या. एवढ्या वर्षांत एकमेकांना विचारलेला प्रश्न क्वचितच सापडला.

गेल्या रविवारी कविताचा फोन आला. ग्रुपवर नाही, थेट मला, दहावीनंतर पहिल्यांदा. सुमनशी आता आठवड्याला बोलते म्हणाली. सुमन पाळीवर येऊन फोन करते. काय जेवलीस ते सांगावं लागतं, म्हणून स्वयंपाक करते. मग जरा थांबून तिनं विचारलं, "वंदना, तुझ्या घरी कोण कोण असतं गं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, माझ्या घरातलं तिला काहीच माहीत नाही. गॅस बंद केला, खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.