भरवसा ठेवू नका म्हणणारे सर

उत्तर लिहून झालं की सर फळ्याकडे पाठ करायचे, खडू समोरच्या पोराच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "माझ्यावर भरवसा ठेवू नका. उलटं करून बघा."

मी बाहेर ओट्यावर बसून ऐकायचो. ज्याला स्वतःच्या उत्तराचा भरवसा नाही, त्याच्याकडे ही बारावीची पोरं शिकायला कशी येतात, हे मला कळायचं नाही. तुम्हालाही कळलं नसतं.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे शाळेचं आणि माझं पटलं नाही. जन्मभर केळीचे ट्रक चालवले. यावल, चोपड्याकडून माल भरायचा आणि थेट दिल्ली. ढाब्यावर शेजारच्या खाटेवर झोपलेला माणूस डिझेल चोरणार की नाही, हे मी त्याच्या चपला पाहून सांगायचो. माणूस ओळखायला मला पुस्तक लागत नाही.

जळगावात मेहरूणला मी घर बांधलं. त्याची पुढची खोली सरांनी भाड्याने घेतली. आले तेव्हा सोबत एक बॅग, एक फळा. माणूस कुणी नाही.

"गाव कोणतं?" मी विचारलं.

"इकडचंच, आबा."

"इकडचंच म्हणजे?"

"चोपड्याकडचं."

चोपड्याची गल्ली न् गल्ली मला माहीत. कोणाचे, कुठले, असं विचारायला लागलो तर म्हणाले, "नळाला पाणी कधी येतं?"

तिथेच माझ्या मनात खडा पडला. चोपड्याचा माणूस 'चोपड्याचा' म्हणतो. 'चोपड्याकडचा' म्हणणारा काहीतरी झाकतो. दिवाळीला गावी गेले नाहीत, भेटायला कुणी आलं नाही. मोबाईल वाजला की नंबर बघायचे आणि कापायचे. घरच्या वांग्यांचं भरीत पाठवलं तर म्हणाले, मी खात नाही. खानदेशातला माणूस भरताला नाही म्हणतो, यावर मी काय समजायचं?

आमची बायको त्यांचीच बाजू घ्यायची. "मानूस भला शे. बठ्ठा पोरे त्यासले मानतस. तुम्हनं काय जास?"

माझं घर जातं, म्हणालो.

एक दिवस एसटीत बसून चोपड्याला गेलो. ओळखीच्या दोन-चार ठिकाणी विचारलं. गणिताचे मास्तर, पुढून टक्कल, डावा खांदा थोडा खाली. कुणालाच माहीत नाही. बायकोला सांगितलं, "बघ, तिथे यांना कुत्रंसुद्धा ओळखत नाही." ती म्हणाली, "तुम्हले तरी कोन वळखस?"

माझी नात पूनम सरांकडेच शिकत होती. म्हणून मी जास्तच कान देऊन होतो. त्या दिवसांत त्यांचं इंटिग्रेशन चाललं होतं. सर फळ्यावर एक उभा लांब आकडा काढायचे, वर-खाली वळलेला, आणि विचारायचे, "कशाचं डेरिव्हेटिव्ह घेतलं तर हे मिळेल? अंदाज बांधा."

अंदाज! अहो, अंदाजच बांधायचा तर आमच्या गल्लीतले रिकामे लोक काय वाईट होते?

आणि एकदा मी डोळ्यांनी पाहिलं. एकच गणित, पूनमने उत्तर काढलं साईन स्क्वेअरचं. केळीच्या एका व्यापाऱ्याच्या पोराने काढलं कॉस स्क्वेअरचं, तेही पुढे उणे लावून. सरांनी दोघांनाही बरोबर दिलं.

मी सरळ आत गेलो. "सर, हा काय प्रकार? एका गणिताची दोन उत्तरं? का व्यापाऱ्याचा पोरगा नाराज व्हायला नको म्हणून?"

पूनमने मान खाली घातली.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "बसा, आबा. तुम्ही गाडी चालवायचात ना? समजा, दोन ट्रक आहेत. एक जळगावहून निघाला, दुसरा भुसावळहून, रस्ता एकच. दोघांचा वेग दिवसभर सारखा. हा हळू झाला की तोही हळू. मग दोघांमधलं अंतर?"

"जेवढं होतं तेवढंच राहील."

"वेगाचा काटा दोघांचा सारखाच दिसेल?"

"आमचा काटा बंदच असायचा."

पोरं हसली. सरही हसले. "चालू असता तर सारखाच दिसला असता. मला नुसता काटा दाखवला आणि गाडी कुठे आहे विचारलं, तर मी दोन्ही गाड्या बरोबर धरीन. या दोघांच्या उत्तरांत तसंच कायमचं अंतर आहे. म्हणून शेवटी अधिक सी लावायचा. गाडी निघाली कुठून, ते काट्यावरून कळत नाही."

"मग ते कळायचं कसं?"

"कुणीतरी सांगावं लागतं."

"तेच तर मी तुम्हाला विचारतोय," मी म्हणालो. "तुमची गाडी कुठून निघाली?"

सरांनी डस्टर उचललं. फळा पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसतच होते.

"ते सांगा, नाहीतर या महिनाअखेर खोली मोकळी करा," मी म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो. घर माझं आहे, विचारायचा हक्क माझा आहे. आजही तेच म्हणेन.

पोरं गेल्यावर सर ओट्यावर आले. उभेच राहिले. "आबा, बोर्डाचा पेपर तोंडावर आलाय. आता पोरं कुठे जातील? पेपर होईस्तोवर राहू द्या. मग मी जातो. तोवर तेवढं विचारू नका."

माणूस स्वतःसाठी काही मागत नव्हता, हे मला दिसलं. पण असं दाखवूनच माणसं फसवतात. "राहा," मी म्हणालो, "पण मी वर्गात बसणार."

"बसा की."

दुसऱ्या दिवसापासून मी मागे खुर्ची टाकून बसायला लागलो. फळ्यावरचं ओ की ठो कळायचं नाही. मी सरांकडे बघायचो. एखादी पोरगी शेवटचं अक्षर विसरली की हा शुद्ध बोलणारा माणूस एकदम आमच्या बोलीत यायचा. "तुना सी कोठे गया, पोरी?" सगळा वर्ग हसायचा, आणि ती पोरगी सी पुन्हा विसरायची नाही.

पूनमची एक खोड होती. तिचं उत्तर पुस्तकामागच्या उत्तराशी जुळलं नाही की ती लगेच खोडरबर घ्यायची. लहानपणापासून तशीच. कुणी जरा मोठ्याने विचारलं की खरं सांगितलेलंही परत घेणार. एकदा तिने तसंच रबर उचललं आणि सरांनी तिच्या वहीवर हात ठेवला.

"खोडू नको. पुस्तकावरही भरवसा ठेवू नको. आधी उलटं करून बघ."

तिने खाली दोन-तीन ओळी लिहिल्या. मग थांबली, वर बघितलं. चेहरा असा झाला की तिचंच उत्तर बरोबर होतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही. सर तोवर पुढच्या बाकावर गेले होते.

पेपर झाला. पोरं गल्लीतच उत्तरं जुळवत उभी राहिली. सरांनी पूनमला एवढंच विचारलं, "खोडलं नाहीस ना?"

"नाही, सर."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खोली धुऊन काढली, बॅग भरली. बायको मला म्हणाली, "थांबा म्हना ना त्यासले." मी म्हणालो, मी भाडेकरूच्या विनवण्या करत नाही. ठरलं ते ठरलं.

पण बॅग स्कूटरवर घेऊन स्टँडवर गेलो. त्यांना सोडायला गेलो असं समजू नका. गाडी कुठली धरतात, ते बघायचं होतं. चोपड्याची गाडी समोर उभी होती. सरांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते धुळ्याच्या गाडीत बसले. मी कंडक्टरला बाजूला घेऊन विचारलं, कुठलं तिकीट दिलं? धुळे, तो म्हणाला. धुळ्याहून सुरतेला जाता येतं, नाशिकला, इंदूरला जाता येतं. ते सगळे रस्ते मी चालवलेत. तेवढ्यावरून काय कळणार?

सरांनी खिडकीची काच सरकवली. "आबा, पेपर झाला. आता विचारलंत तर सांगेन."

गाडी सुरू झाली होती, हादरत होती. मी खिडकीच्या गजाला धरून उभा होतो. विचारायचं होतं. तोंडात शब्दही आला होता.

"खोलीची किल्ली ठेवलीत ना?" मी म्हणालो.

"दाराजवळच्या खिळ्याला लावलीय."

"मग झालं."

गाडी फिरून रस्त्याला लागेपर्यंत मी तिथेच उभा होतो. घरी आलो आणि चपला न काढता आधी खिळा बघितला. किल्ली तिथेच होती.