मेंढीचे वरचे दात

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी ठरवलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत हर्सूल तलावाभोवतीचे प्राणी आणि झाडझाडोरा नोंदवायचा. सोबत एकच विद्यार्थी घेणार होते. तो मी असावा म्हणून मी वर्षभर पहिल्या बाकावर बसलो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. सरांनी काहीही विचारलं की माझा हात वर.

त्या साली पाऊस नव्हताच. सर वर्गाला तलावावर घेऊन गेले तेव्हा तळाला भेगा पडल्या होत्या. काठाला मेंढ्या चरत होत्या आणि त्यांच्यामागं माझी थोरली बहीण उभी होती. गंगापूरकडं चारा संपला म्हणून ती आणि दाजी कळप घेऊन निघाले होते. पूर्वी ज्या माळावर मुक्काम करायचे तिथं प्लॉटचे दगड रोवलेले, म्हणून इथवर आले.

बहीण म्हणून ओळख करून द्यावीच लागली. सर खूश झाले. "मग आज तूच सांग, मेंढीला दात किती?"

"बत्तीस," मी ताडकन म्हणालो. "माणसासारखेच. सोळा वर, सोळा खाली."

बहीण पदर तोंडाला लावून हसली. "येड्या, वर पुढं कुठले आले रं दात?" तिनं एक मेंढी धरून ओठ उचलला. वर पुढं नुसती टणक हिरडी.

"आकडा बरोबर, वाटणी चुकली," सर म्हणाले. "बारा वर, वीस खाली."

"मेंढपाळाच्या घरचा ना रे तू?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

घरचाच होतो. पण मी मेंढ्यांकडं वळलो की ही बहीणच ओरडायची, "पुस्तक धर, हिकडं येऊ नको." स्वतः चौथीतून शाळा सोडून तिनं काठी घेतली, म्हणून मी शिकलो. तिचे उपकार मी कधी विसरलो नाही. त्या दिवशी मात्र मी तिच्याकडं बघायचंही टाळत होतो.

कारण सर तिच्यासमोर उकिडवे बसले होते. "ताई, हे घाणेरीचं झुडूप मेंढ्या खातात का?"

"भुकंनं खात्यात, गुरुजी. मंग उनात तोंड सोलून निघतं. सावलीला बांधावं लागतं. काळीला तेवढं व्हत नाय, पांढरीचे लई हाल."

"काळ्या कातडीला ऊन कमी बाधतं," सर आमच्याकडं वळून म्हणाले. त्यांच्या आवाजात असलं कौतुक मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

"सर, घाणेरी विषारी असते, पुस्तकात आहे," मी मधे घुसलो.

"थांब रे. त्यांना बोलू दे."

परत निघताना सरांनी मला बाजूला घेतलं. "सुट्टीत तू ये माझ्याबरोबर. ताई आहेत तोवर त्यांच्याकडून ऐकायचं. तुला त्यांची बोली कळते. त्या सांगतील ते लिहून घे, तुझं मधे काही घालू नको."

बहिणीनं ऐकलंच. "घेतलं गुरुजींनी तुला!" असं म्हणत तिनं दाजींना लांबूनच हाक मारली, आणि शहरातल्या पोरांसमोर माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

मीही हसलो. पण ती जागा मिळाल्याचा आनंद माझ्यापेक्षा तिलाच जास्त झाला होता, आणि मला त्याचाही हेवा वाटला.