पाटावरचा गणपती आणि दिनाराचा भाव

इराकने कुवेत गिळलं त्याच महिन्यात, गणपतीच्या आदल्या दिवशी, मी पुण्याहून पेणची एसटी पकडली. काम साधं होतं. रोह्याला दिलेली माझी धाकटी बहीण मंगल, तिच्या घरची मूर्ती पेणच्या कारखान्यातून उचलायची आणि रोह्याला पोचवायची. दरवर्षी हे काम तिचे यजमान सुधाकरराव रजेवर येऊन करत. या वर्षी ते कुवेतमध्ये अडकले होते. लढाई सुरू झाल्यापासून ना पत्र, ना तार.

सुधाकरराव तिकडे एका कंपनीत वायरमन. गेले तेव्हा एका दिनाराला तीसेक रुपये मिळत. पुढे रुपया घसरत गेला आणि दिनार साठाच्या आसपास पोचला. रुपया पडला की आम्ही पुण्यात हळहळायचो आणि रोह्यात मंगल शिरा करायची. पेपर हातात आला की ती आधी परकी चलनांचा तक्ता बघे. मी तिला ‘अर्थमंत्रीणबाई’ म्हणून चिडवायचो.

खोपोलीला गाडी थांबली तेव्हा मी पेपर घेतला आणि तोच तक्ता उघडला. डॉलर होता, पौंड होता. कुवेती दिनारापुढे नुसती रेघ होती. पेपर घडी करून पिशवीच्या तळाशी घातला.

पेणला कारखान्यांच्या गल्लीत ओल्या रंगाचा वास भरला होता. इथली रीत अशी, की गिऱ्हाईक महिना-दोन महिने आधी आपल्या घरचा पाट कारखान्यात नेऊन देतं आणि त्याच पाटावर त्याची मूर्ती घडते. मंगलचा पाट मूर्तीसकट तयार होता. पण घरात हा घोर असताना आरत्या कशा म्हणायच्या, असं वाटून मी मूर्तिकाराला म्हणालो, “यंदा मूर्ती राहू द्या, नुसता पाट नेतो. घरधनी परदेशात आहेत.”

त्याच्या हातातला कुंचला थांबला. “पाट रिकामा कोन नेत नाय, भाऊ. घरात सुतक आलं तरच रिकामा जातो. तसं काय हाय काय?”

“नाही, नाही,” मी घाईघाईने म्हणालो. त्याने मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकला आणि पाट माझ्या हातांत दिला.

दुपारच्या रोह्याच्या पॅसेंजरला खिडकीपाशी जागा मिळाली. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं, शेतांतून पाणी भरलेलं. एरवी मी हे सगळं डोळे भरून पाहिलं असतं. त्या दिवशी मूर्तीला धक्का लागू नये एवढंच बघत होतो. समोर एक दाढी वाढलेला माणूस बसला होता. सामान म्हणजे विमान कंपनीचं एक पातळ ब्लँकेट.

“गनपती कुठला?” त्याने विचारलं. मी सांगितलं, आणि बोलता बोलता सुधाकररावांचंही सांगितलं.

“मी तिथनंच आलो. परवा.” त्याने खिशातून एक नोट काढून माझ्यापुढे धरली. “हा कुवेती दिनार. मुंबईत बँकेत दिला, तर सायेब म्हनला, भावच आलेला नाय. तिकडं इराकवाल्यांचा हुकूम झालाय, त्यांचा दिनार नि हा एकाच भावाचा. पयला ह्या एकाला त्यांचे मूठभर यायचे. आता कागूद हाय निस्ता.”

मी सुधाकररावांच्या कंपनीचं नाव सांगितलं. त्याने नोट घडी करून खिशात ठेवली.

“त्या कंपनीची मानसं गाड्यांत घालून कुठं तरी नेली, असं ऐकलेलं. खरं-खोटं देव जाने,” म्हणाला, आणि कासू स्टेशनला उतरून गेला.

मंगल दारातच उभी होती. पाटाखाली हात लावून आम्ही दोघांनी मूर्ती आत नेली. चहा देता देता तिने विचारलं, “पेपर आणलास, दादा?”

“वाटेत राहिला.”

“राहू दे. रेघ असंल. रोज रेघच येते.” मग ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, “ह्यांनी चैत्रात विचारलेलं, पैसे पाठवू काय. मीच कळवलं, थांबा, दिनार चढतोय, दिवाळीला एकदम पाठवा. त्या पैशांपायी ते तिथं बसले असतील, तर मी काय करू?”

गाडीतल्या माणसाचं बोलणं मी तिच्यापुढे काढलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पूजेला मला बसवायला ती तयार नव्हती. “ह्यांची जागा हाय ती,” म्हणाली आणि स्वतःच बसली. मोदक छान झाले होते, पण मी एकावरच थांबलो. गणपती दीड दिवसाचा. विसर्जनाच्या दिवशी आम्ही आरतीला उभे राहणार, तोच शेजारच्या काकूंनी कुंपणावरून हाक मारली, “मंगल, लवकर ये गो. फोन हाय. तुझ्या घरवाल्याचा हाय.”

मी तिच्यामागे धावलो. फोन जॉर्डनहून होता. सुधाकरराव इतक्या मोठ्याने ओरडत होते, की मला लांबूनही ऐकू येत होतं. वाळवंटातून बसने सीमेपार आलो, म्हणाले. बसवाल्याने मागितला तो भाव द्यावा लागला, खोलीत साठवलेले सगळे दिनार एका जागेला गेले. “तू थांबा म्हणालीस म्हणून जवळ होते. पाठवले असते तर तिथंच राहिलो असतो.”

मंगलने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. मग तिने विचारलं, “बसायला मिळालं काय? का उभ्यानंच आलात?”

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला परतलो. दारातच बायकोला फोनचं सांगितलं, तर तिने विचारलं, एवढे साठवलेले दिनार सगळेच गेले का. सगळेच, मी म्हणालो, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच भूक लागली म्हणून पान वाढायला सांगितलं.