टेम्पोच्या पुढे आष्टीपर्यंत

सेवाग्रामहून शर्यत सुटली तेव्हा सकाळचे सात वाजले होते. डिसेंबरची थंडी होती. झेंडा खाली आला आणि दहा मिनिटांत सगळे सायकलवाले दिसेनासे झाले. इतक्या लवकर मला आजवर कोणी एकटे सोडलेले नाही. घरी नुसते दार लोटले तरी कोणीतरी विचारते, कुठे चालली.

शर्यत आष्टीपर्यंत होती. आष्टीला चांगली सडक जाते, पण शर्यत भरवणाऱ्या मंडळाला सडक आवडत नव्हती. खरांगण्याच्या पुढे जंगलातला मुरमाचा रस्ता, मग टेकडी, मग नाला, मग पुन्हा टेकडी, असा मार्ग त्यांनी मोठ्या हौसेने शोधून काढला होता. वर्धा जिल्हा सपाट आहे असे आम्हाला चौथीत शिकवले होते. ते मास्तर सायकलने ढग्याच्या जंगलाकडे गेलेले नसावेत.

मी नाचणगावहून रोज सायकलने देवळीला जाते. तिथल्या एका वसतिगृहात पोळ्या करते. एस.टी. कधी येते, कधी येत नाही; पोरांची भूक मात्र वेळेवर येते, म्हणून सायकल. तिथल्या खेळाच्या सरांना वाटले, बाई रोज एवढी सायकल हाणते तर शर्यतही हाणेल. शिवाय महिला गटात नावे कमी होती. मला ‘नाही’ म्हणायला वेळ लागतो. तेवढ्यात त्यांनी फॉर्म भरला.

हे झाले आदल्या वर्षी. शर्यतीच्या शेवटी एक टेम्पो ठरलेल्या चालीने येतो. तो ज्याच्या पुढे गेला तो बाद. त्याने सायकल वर टाकायची आणि मुकाट टेम्पोत बसायचे. आदल्या वर्षी मी अर्ध्या वाटेत बाद झाले. टेम्पोवाल्याने मला थेट घरापर्यंत आणून सोडले, ही त्याची मेहरबानी. सगळ्या गल्लीने पाहिले. माझे भासरे (नवऱ्याचे थोरले भाऊ) ओसरीवर बसले होते. ते माझ्याशी बोलत नाहीत, मीही त्यांच्याशी बोलत नाही, तशी रीत आहे. म्हणून ते माझ्यासमोर जाऊबाईंना म्हणाले, “तिले सांग, अजून एकदा टेम्पोतून आली तर सायकल घरात दिसणार नाई. इकून टाकतो.”

सायकल माझ्या कमाईची होती, पण घर त्यांचे होते. सायकल गेली की देवळी गेली, आणि देवळी गेली की मी पुन्हा दिवसभर जाऊबाईंच्या हाताखाली.

यंदा माझा फॉर्म भरू नका, असे मी सरांना म्हणाले. बहुतेक मनातच म्हणाले असेन, कारण फॉर्म भरला गेला. ते कळल्यावर भासऱ्यांनीही मंडळात जाऊन आपले नाव दिले; सायकलवर नव्हे, टेम्पोत. “घरची बाई रानावनात जाऊन राह्यली, कोणीतरी पाह्याले पाह्यजे ना,” असे ते गावभर सांगत होते. काळजी एवढी की मला उचलून आणायला स्वतः बसले.

मंडळाने सर्वांना टी-शर्ट आणि हेल्मेट दिले होते. साडीखाली मी आमच्या ह्यांची जुनी पँट घातली होती. वर साडी, साडीवर टी-शर्ट, टी-शर्टच्या आत अडकलेला पदर आणि डोक्यावर हेल्मेट. नागपूरहून आलेल्या दोन पोरी माझ्याकडे पाहून फार प्रेमाने हसल्या. त्यांच्या सायकलींना गिअर होते. माझ्या सायकलीला घंटी होती.

खरांगण्याला एका टपरीवर पोहे खाल्ले. वर तर्री (तिखट रस्सा) इतकी जाळ की पुढची टेकडी आपोआप चढून जाईन असे वाटले. तसे काही झाले नाही. पोहे देणाऱ्या बाईने मला खालून वरपर्यंत पाहिले.

“कोठं चालल्या बाई?”

“आष्टीले.”

“काऊन, कोणी बिमार हाय का?”

“नाई. शर्यत हाय.”

“कोणासंग?”

मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले. एक कुत्रे होते, तेही झोपलेले.

“पुढे गेले सारे,” मी म्हणाले.

“मंग आता कायले घाई करता? बसा, चहा घ्या,” ती म्हणाली. बोलणे अगदी बरोबर होते, पण मागून टेम्पो येत होता.

जंगलात शिरल्यावर ऊन मऊ झाले. सागाची थाळीएवढी पाने वाळून रस्त्यावर पडली होती. चाक गेले की पापड मोडल्यासारखा आवाज येई. एका वळणावर वाघापासून सावध राहा अशी पाटी होती. मी ती उभी राहून नीट वाचली, तेवढाच विसावा. खरे सांगायचे तर वाघाची भीती मला त्या दिवशी वाटली नाही. वाघ मागून हॉर्न देत नाही.

पहिला घाट लागला तेव्हा मी उतरून सायकल ढकलू लागले. ढकलायला परवानगी होती. बाराएक वाजले असतील. निम्मा घाट चढले आणि मागे टेम्पोचा घरघराट ऐकू आला. वळून पाहिले, तर पुढच्या सीटवर भासरे.

आमच्याकडे भासरे समोर आले की बाईने डोक्यावर पदर घ्यायचा, वाटेच्या कडेला सरकायचे, तोंड फिरवायचे आणि ते पुढे जाईपर्यंत हलायचे नाही. लग्न झाल्यापासून मी हे इतक्या वेळा केले आहे की पाय आपले आपणच करतात. मी सायकल कडेला घेतली, पदर ओढायला गेले तर तो टी-शर्टात अडकलेला, म्हणून हेल्मेटच कपाळावर ओढले आणि झाडाकडे तोंड करून उभी राहिले.

टेम्पो येऊन थांबला. गुणवंतभाऊ म्हणून ड्रायव्हर होते, त्यांनी डोके बाहेर काढले.

“बाई, काऊन थांबल्या? चाला ना. आमी पुढे गेलो का तुमी बाद.”

मी झाडाला म्हणाले, “थोरले बसून हायेत गाडीत. त्याइच्यासमोरून कशी जाऊ?”

“मंग काय करता?”

“ते पुढे गेले का मी निंगतो.”

“ते पुढे गेले का तुमी बाद, बाई.”

गुणवंतभाऊंनी हे दोनदा समजावले. मला पहिल्यांदाच समजले होते. रीतीप्रमाणे भासऱ्यांना पुढे जाऊ दिले तर शर्यत गेली, आणि शर्यत राखायची तर भर रस्त्यावर भासऱ्यांना पाठ दाखवून सायकल हाणायची.

भासरे समोरच्या काचेला म्हणाले, “गुणवंता, तिले म्हण, झालं तेवढं लय झालं. सायकल वर टाक अन् बस.”

गुणवंतभाऊ म्हणाले, “बसवतो, पण कोठं बसवू?”

आता सगळ्यांनी मागे पाहिले. टेम्पोच्या मागच्या भागात वाटेत दमून बसलेले, म्हणून बाद झालेले चार गडी आणि त्यांच्या चार सायकली होत्या. त्यांत नागपूरचे एक कापडाचे व्यापारी होते. एकट्यानेच दोघांची जागा घेऊन पाय दाबत बसले होते. सायकल वर बांधता आली असती, बाईला जागा नव्हती. जागा एकच होती, पुढे, भासऱ्यांच्या शेजारी.

आमच्याकडे भासरे बसलेल्या सतरंजीच्या टोकालाही बाई टेकत नाही. टेम्पोच्या सीटवर मांडीला मांडी लावून आष्टीत उतरायचे म्हणजे पुढची दहा वर्षे गावाला दुसरा विषय नको. इतका वेळ ही रीत एकट्या मलाच बांधून होती. आता तिने दोघांना बांधले.

“बाबूजी,” व्यापारी मागून म्हणाले, “आप पीछे आ जाओ. एक सायकल गोदी में ले लेना, बस.”

“नाही तर तुमी पायी या,” गुणवंतभाऊ भासऱ्यांना म्हणाले. “आष्टी काई फार लांब नाई. अंधार पडेपर्यंत पोचसान.”

मागचे गडी हसले. मग दार उघडल्याचा आवाज आला. ते उतरले, मागे गेले आणि सायकलींच्या ढिगाऱ्यावर, आम्ही आलो त्या रस्त्याकडे तोंड करून बसले.

“गुणवंता,” ते म्हणाले, “तिले म्हण, जाय. मी मागचं पाहून राह्यलो.”

मी निघाले.

त्यानंतरचा रस्ता मला फारसा आठवत नाही. आष्टीकडचे डोंगर सुंदर आहेत असे लोक सांगतात. मी पुढचे चाक पाहिले. दोन नाले ओलांडले. दुसऱ्यात पडले. पाणी थंड होते, गोटे कठीण होते. टेकड्या संपून संत्र्यांचे बगीचे लागले आणि एका राखणदाराने कुंपणावरून दोन संत्री माझ्या हातात दिली. सोलायला वेळ नव्हता म्हणून टी-शर्टात टाकली; ती पदराच्या सोबतीला गेली. टेम्पो मागे होताच, कधी हाकेच्या अंतरावर, कधी त्याहून जवळ. दर खड्ड्याला सायकली खणखणत आणि त्यांच्यावर बसलेले भासरे “अरे बाप्पा” म्हणत.

आष्टीची घरे दिसू लागली आणि माझी साखळी उतरली.

मी खाली बसले. बोटे दिवसभर हँडल धरून आखडलेली. साखळी मागच्या दातांवर बसवली की पुढची निसटे, पुढची बसवली की मागची. टेम्पो मागे येऊन थांबला. रस्ता रुंद होता, बाजूने सहज निघून गेला असता.

“काऊन थांबवली?” मागून भासऱ्यांचा आवाज.

गुणवंतभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिले. “म्हशी आडव्या आल्या,” ते म्हणाले.

रस्त्यावर एकही म्हैस नव्हती.

“किती म्हशी हायेत?”

“बहुत हैं, बाबूजी,” व्यापारी म्हणाले. त्यांना पुढचे सगळे दिसत होते. “पूरा झुंड है.”

माझी साखळी निसटून खळ्‌कन पडली.

भासऱ्यांनी नुसती मान वळवली असती तरी सगळे दिसले असते. त्यांनी ती वळवली नाही. “या गावच्या म्हशी साखळीनं चालतात वाटते,” ते म्हणाले.

मी श्वाससुद्धा हळू घेतला.

“जाऊ दे त्याइले आरामानं,” ते म्हणाले. “जनावर हाय. हाकलू नोको.”

तिसऱ्या खेपेला साखळी बसली.

आष्टीला पोचले तेव्हा मंडप सोडणे सुरू होते. बक्षिसे वाटून झाली होती, नागपूरच्या पोरी आंघोळ करून आल्या होत्या. टेबलावरच्या माणसाने माझे नाव सर्वांत शेवटी लिहिले आणि खाली रेघ मारली. रेघेच्या वर आहे ना, एवढे मी दोनदा पाहून घेतले. परतीची सोय म्हणून मंडळाने गाडी केली होती. मी बायकांसोबत एका गाडीने आले, भासरे दुसऱ्या गाडीने. रीतीत काही कमी पडू दिले नाही.

घरी जाऊबाई वाटच पाहत होत्या. मला नाही, त्यांनी भासऱ्यांना विचारले, “आली का मंग टेम्पोतून?”

“टेम्पोत नव्हती,” भासरे म्हणाले. कंबर धरून ते हळूहळू पाटावर बसले.

“मंग साऱ्या रस्त्यानं सायकल हाणली तिनं?”

“मले काय मालूम? मी मागं पाहून बसलो होतो. जेवाले वाढ.”

सायकल विकण्याचे नाव घरात पुन्हा निघाले नाही. शर्यतीने माणूस धीट होतो असे सर म्हणतात. मी झाले नाही. आजही फॉर्म भरताना ‘नाही’ म्हणायला मला वेळ लागतो, आणि म्हणूनच मी त्यानंतर तीन शर्यती केल्या. जग पाहायचे तर हिंमत लागते म्हणतात. मला वाटते, ज्याने आपल्याकडे पाहू नये अशा माणसाने थोडा वेळ पाहिले नाही, तरी बरेच जग पाहून होते.

सोमवारी मी देवळीला निघाले. गावाबाहेर भासरे वावरातून (शेतातून) परत येताना समोर आले. मी उतरले, पदर घेतला, कडेला उभी राहून तोंड फिरवले आणि ते जाण्याची वाट पाहू लागले. पावलांचा आवाज काही येईना. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिले, तर तेही रस्त्याच्या पलीकडच्या कडेला थांबले होते आणि तुरीच्या पिकाकडे तोंड करून तूर कशी आली आहे ते पाहत होते. पाहण्यासारखी काही नव्हती.

वसतिगृहात कणीक भिजवायची होती. मी सायकलवर बसले आणि त्यांच्या पाठीमागून निघून गेले.